थर, मरू आणि मारवाड : नावांचा अर्थ आणि वापर

आपल्या वसतिगृहाशी माझा संबंध येण्यापूर्वी काही वर्षे मी मध्य मुंबईतील एका शाळेत भूगोल शिकवीत असे. वर्गातील बहुतेक मुले लालबाग, परळ, करी रोड या भागातील चाळींतून येत. एके दिवशी भारताचा प्राकृतिक नकाशा फळ्यावर टांगून मी पश्चिमेकडील पिवळ्या पट्ट्यावर छडी ठेवली आणि ‘थरचे वाळवंट’ असे म्हटले. गोकुळाष्टमी जवळ आली होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, किती थर?” वर्ग हसला, मीही हसलो. रोज संध्याकाळी दहीहंडीच्या सरावात एकमेकांच्या खांद्यांवर चढणाऱ्या मुलांना ‘थर’ म्हटल्यावर दुसरे काय आठवणार?

त्या वर्गात जून महिन्यात दाखल झालेला एक मुलगा होता. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी लोअर परळला ज्या इमारती उठत होत्या, त्यांत त्याचे वडील फरशी बसविण्याचे काम करीत. कुटुंब बाडमेरकडचे. हसू ओसरल्यावर तो उभा राहिला आणि अडखळत्या मराठीत म्हणाला, “सर, आमच्याकडे त्याला थळी म्हणतात.” त्यावर कोणीतरी ओरडले, “ए मारवाडी, बस खाली!” वर्ग पुन्हा हसला. या खेपेस मी हसलो नाही. पण बोललोही नाही. घंटेला पाच मिनिटे उरली होती आणि धडा पुरा व्हायचा होता. मुलगा खाली बसला आणि तासभर वहीत मान घालून राहिला.

स्मरणिकेसाठी भूगोलावर काही लिहावे अशी सूचना झाली, तेव्हा मला तो तास आठवला. त्या दिवशी वर्गाला जे सांगावयास हवे होते, ते येथे मांडतो आहे.

प्रथम त्या ‘थर’ शब्दाविषयी. दहीहंडीचा थर, धुळीचा थर, सायीचा थर हा शब्द संस्कृत ‘स्तर’ यापासून आला. वाळवंटाच्या नावातील ‘थर’चे घराणे निराळे आहे. ते ‘स्थल’ या शब्दाचे. स्थलचे प्राकृतात आणि पालीत ‘थल’ झाले, राजस्थानीत ‘थळ’ आणि ‘थळी’ झाले. सिंधीत ‘ल’चा ‘र’ होण्याची प्रवृत्ती असल्यामुळे तेथे त्याचे ‘थर’ झाले. सिंधमधील थरपारकर हा जिल्हा त्याच नावाचा, आणि पाकिस्तानी पंजाबातील रेताड पट्ट्याला आजही ‘थल’ असेच म्हणतात. हिंदीत ‘थार’ लिहितात, आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘थर’ स्वीकारला. आताच्या मुलांना तर ‘थार’ म्हटले की आधी जीपगाडी आठवते! दोन्ही लेखने चालण्यासारखी आहेत. मात्र तो मुलगा म्हणत होता ते ‘थळी’ हे रूप मुळाच्या सर्वांत जवळचे होते, आणि चूक असलीच तर ती माझ्या उच्चारात होती, त्याच्या नव्हे.

हा शब्द आपल्यालाही परका नाही. खांदेरी किल्ल्यासमोर, अलिबागजवळ, थळ नावाचे गाव आहे. मराठीत ‘स्थळ’ आणि ‘थळ’ हे शब्द शेजारी शेजारी नांदतात. थळ म्हणजे जागा, कोरडी जमीन, पाय टेकण्याचे ठिकाण. त्या शब्दात उजाडपणा नाही, भीतीही नाही. जेथे लोक राहतात तिला त्यांनी नुसती ‘जमीन’ म्हटले, इतकेच. ‘थरचे वाळवंट’ ही जोडी आपण बाहेरच्यांनी केली. अशा जोड्या जगभर आढळतात. अरबी भाषेत ‘सहारा’ या शब्दाचाच अर्थ वाळवंट असा आहे. म्हणजे ‘सहाराचे वाळवंट’ म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो. मंगोलियातील ‘गोबी’चा अर्थही निर्जल, खडीचे मैदान असाच आहे. ज्या शब्दाने एका ठिकाणच्या माणसाला आपले सारे आवार कळते, तो शब्द दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला विशेषनाम वाटतो.

‘थल’ या शब्दाचा एक फार सुंदर वापर आपल्या वाचकांना परिचित असलेल्या साहित्यात आहे. जातककथांमधील दुसरी कथा ‘वण्णुपथ जातक’ या नावाने ओळखली जाते. वण्णुपथ म्हणजे वाळूची वाट. कथेतील बोधिसत्त्व हे काशी देशातील एका सार्थवाहाचे पुत्र. पाचशे गाड्यांचा तांडा घेऊन ते साठ योजनांचे मरुकांतार ओलांडीत आहेत. वाळू इतकी बारीक की मूठ आवळली तरी बोटांतून निसटावी. सूर्य वर आला की ती निखाऱ्यांसारखी तापते. म्हणून तांडा दिवसा गाड्यांचे वर्तुळ करून, वर मांडव घालून थांबतो आणि रात्री चालतो. रात्री दिशा कशी कळावी? त्यासाठी तांड्यात एक वाटाड्या असतो, तो आकाशातील तारे पाहून गाड्या हाकण्याचे मार्ग सांगतो. त्या वाटाड्याला कथेत ‘थलनियामक’ म्हटले आहे. नियामक हा जहाजावरचा शब्द. समुद्रात नाव चालविणारा तो नियामक. येथे तो जमिनीवर आला, म्हणून थलनियामक. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांना वाळवंट हे मृत्यूचे घर दिसले नव्हते, तर नक्षत्रे ओळखणाऱ्याला पार करता येईल असा कोरडा समुद्र दिसला होता.

पुढची कथा अनेकांना ठाऊक असेल. शेवटच्या रात्री, आता पोहोचलोच असे समजून, लोक पाणी आणि लाकूडफाटा टाकून देतात. वाटाड्याला झोप लागते, बैल उलटे फिरतात आणि पहाटे तांडा आदल्याच मुक्कामावर उभा असतो. लोक हताश होऊन गाड्यांखाली पडून राहतात. बोधिसत्त्व मात्र उन्हे चढण्यापूर्वी फिरून पाहतात. त्यांना कुश गवताचा एक हिरवा जुबका दिसतो. तेथे खणतात. साठ हात खोल गेल्यावर कातळ लागतो. ते खाली उतरून कातळाला कान लावतात, आत पाणी वाहत असल्याचा आवाज येतो. मग एका तरुण सेवकाला घण घेऊन उतरवितात. कातळ फुटतो आणि ताडाच्या खोडाएवढी पाण्याची धार उसळते. बुद्धांनी ही कथा श्रावस्तीला, प्रयत्न सोडून बसलेल्या एका भिक्षूच्या निमित्ताने सांगितली. आपल्याकडे ती बहुधा वीर्य आणि चिकाटीचा पाठ म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. भूगोल शिकविणाऱ्याला मात्र तीत दुसरेही काही दिसते. वाळूखाली कातळ, कातळाखाली पाणी, आणि वर गवताची खूण, ही माहिती वाळवंटात वावरलेल्या माणसांची आहे.

पहिल्या जातकात, म्हणजे अपण्णक जातकात, कांताराचे पाच प्रकार सांगितले आहेत. चोरांचे, हिंस्र पशूंचे, निर्जल, अमनुष्यांचे आणि अन्न दुर्मीळ असलेले. यांपैकी दुसऱ्याला पालीत ‘वाळकन्तार’ म्हणतात. मराठी वाचकाला तेथे हमखास वाळू आठवते. हा ‘वाळ’ संस्कृत ‘व्याल’ म्हणजे हिंस्र श्वापद. पाली शिकू लागलेल्या आपल्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आता आपला स्वतःचा ‘वाळवंट’ हा शब्द पाहू. आज आपण तो सहारापासून थरपर्यंत सर्वत्र लावतो, परंतु मराठी माणसाच्या कानात त्याचे पहिले ठिकाण पंढरपूर आहे. चंद्रभागेच्या पात्रातील वाळूचे मैदान म्हणजे वाळवंट. तेथे कीर्तने होत, दिंड्या उतरत, वारकरी एकमेकांच्या पाया पडत. ज्यांच्यासाठी विठ्ठलमंदिराचे दार साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणापर्यंत उघडले नव्हते, त्यांनाही या वाळूत उभे राहता येत होते. म्हणजे मराठीतील वाळवंट हे मूळचे नदीच्या कुशीतले आणि माणसांनी गजबजलेले. शाळेच्या पुस्तकांतून त्याला कोरड, उंट आणि मृगजळ चिकटले ते नंतर. ‘आयुष्याचे वाळवंट झाले’ असे लिहिणाऱ्या कवींनी एकदा तरी आषाढीत पंढरपूरला जाऊन यावे, असे मला नेहमी वाटते.

योगायोग असा, की चिनी प्रवाशांनीही वाळवंटाला नदीचेच नाव दिले. इ.स. ३९९ मध्ये चांगआनहून निघालेल्या फाहियानने तुनहुआंगच्या पलीकडील वाळूच्या प्रदेशाचा उल्लेख ‘वाळूची नदी’ असा केला आहे. वर पक्षी नाही, खाली पशू नाही, मेलेल्यांची वाळलेली हाडे हीच वाटेची खूण, असे त्याचे वर्णन आहे. पुढे सातव्या शतकात युआन श्वांग त्याच बाजूने येताना त्याच्या हातून पाण्याची पखाल सांडली आणि चार रात्री व पाच दिवस तो पाण्यावाचून चालला. हे दोघे वाळवंट ओलांडून जाणारे होते, तेथे राहणारे नव्हते. जाणाऱ्याला हाडे दिसतात, राहणाऱ्याला गवताचा जुबका दिसतो.

मुंबईकराला वाळूचे एक नाव रोज भेटते, पण त्याकडे त्याचे लक्ष नसते. मलबार हिलवरील वाळकेश्वर म्हणजे वालुकेश्वर, वाळूचा ईश्वर. रामाने वाळूचे लिंग केले अशी त्यामागे आख्यायिका आहे. गिरगावच्या चौपाटीवर वाळू भरपूर, दादरच्या चौपाटीवरही होती. पण तिला कोणी वाळवंट म्हटले नाही. कारण उघड आहे. नुसत्या वाळूने वाळवंट होत नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरला तो दोनशेच्या आतबाहेर असतो. उलट ज्याला शास्त्रज्ञ वाळवंट म्हणतात त्यातील पुष्कळ भाग खडकाळ किंवा खडीचा असतो. मराठी शब्दाने वाळू पाहिली, शास्त्राने पाऊस मोजला.

कच्छच्या ‘रणा’बद्दलही असाच घोटाळा होतो. मराठीत रण म्हणजे युद्धभूमी. १९६५ च्या एप्रिलात कच्छच्या रणात खरोखरच चकमकी झडल्या, त्यामुळे आमच्या पिढीच्या मनात तो अर्थ पक्का बसला. वस्तुतः हे ‘रण’ संस्कृत ‘इरिण’ म्हणजे खारवट, नापीक जमीन या शब्दापासून आले आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासमार्गदर्शिकेत, पेरिप्लसमध्ये, याच भागातील आखाताला ‘एइरिनोन’ म्हटले आहे. मराठीतील ‘रान’ तिसरेच, ते ‘अरण्य’चे. एका मुळाक्षराच्या फरकाने युद्ध, मीठ आणि झाडे असे तीन प्रदेश होतात.

थर, रण आणि वाळवंट या तीन नावांत कोठेही मृत्यू आला नाही. तो आला ‘मरू’ या नावात. संस्कृत व्युत्पत्तिकारांनी हा शब्द ‘मृ’ म्हणजे मरणे या धातूपासून साधला आहे. त्यावरून मारवाड म्हणजे ‘मृत्यूचा प्रदेश’ असे भाषांतर पर्यटनाच्या पुस्तकांत सर्रास छापले जाते. शब्दाची व्युत्पत्ती म्हणून ते चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु नावाचा जन्मार्थ निराळा आणि त्याचा चालता वापर निराळा. मुंबई या नावात मुंबादेवी आहे म्हणून लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्याला काही देवीचे दर्शन घडत नाही.

मरू हे प्रदेशनाम म्हणून किती जुने आहे, हे पाहण्यासाठी जुनागढला जावे लागते. गिरनारच्या पायथ्याशी ज्या खडकावर सम्राट अशोकांचे धर्मलेख कोरलेले आहेत, त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनचा इ.स. १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. त्याच्या सत्तेखालील प्रदेशांची जी यादी तेथे दिली आहे, तीत मरू आहे, कच्छ आहे, सिंधू-सौवीर आहे, आणि थोडे पुढे अपरान्तही आहे. अपरान्त म्हणजे उत्तर कोकण. सोपारा हे त्याचे बंदर. तेथे सापडलेला अशोकांच्या धर्मलेखाचा तुकडा आज आपल्या मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे ज्या मुलाला वर्गाने परका ठरविले त्याचे गाव आणि वर्गाचे गाव साडेअठराशे वर्षांपूर्वी एकाच यादीत नोंदले गेले होते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा लेख विजयाचा डंका पिटण्यासाठी कोरलेला नाही. सुदर्शन नावाच्या तलावाचा वादळात फुटलेला बांध पुन्हा बांधल्याची ती नोंद आहे.

इ.स. ७७९ मध्ये जालोर येथे, म्हणजे मारवाडातच, उद्योतनसूरी या जैन आचार्यांनी ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पुरा केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी तेथे आपापल्या बोलीत बोलत आहेत. त्यांत मरू देशाचे लोक आहेत आणि मरहट्टेही आहेत. प्रत्येकाचा रंग, बांधा, स्वभाव आणि बोलण्याची लकब टिपलेली आहे, थोडी थट्टाही आहे. ती सर्वांची सारखीच आहे, हे विशेष. मरू येथे मरणाचा मुलूख उरलेला नाही. ते लोकांचे नाव झाले आहे आणि त्यांच्या भाषेचेही.

या मरूला पुढे ‘वाट’ हा शब्द जोडला गेला आणि मरुवाटचे मारवाड झाले, अशी उपपत्ती सामान्यतः दिली जाते. वाट म्हणजे कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. हाच शब्द मराठीत वाडा आणि वाडी होऊन आला. गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, खेतवाडी ही नावे घ्या. फणसांची बाग होती, तिला कुंपण होते, ती फणसवाडी. झाडे गेली, चाळी आल्या, आता चाळीही जात आहेत, नाव टिकून आहे. मारवाडचा शेवटचा ‘वाड’ आणि फणसवाडीची ‘वाडी’ ही एकाच आईची लेकरे आहेत. मराठवाड्याच्या शेवटीही तोच वाडा आहे.

आणि ‘महारवाडा’ या शब्दाच्या शेवटीही तोच आहे. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी हा शब्द पत्त्यात लिहिलेला आहे, शिधापत्रिकेवर वाचलेला आहे. फणसवाडीचे कुंपण फणसांच्या राखणीसाठी होते. महारवाड्याचे कुंपण कोणाच्या राखणीसाठी होते, हे सांगण्याची गरज नाही. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक वस्तीनामे बदलण्याचा निर्णय घेतला आणि त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा मार्ग मोकळा झाला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला. तो प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत किती घरे जळाली हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना पुस्तकांतून शिकावे लागत नाही. नाव म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी सांगावयास नको. म्हणूनच त्या दिवशीचे माझे मौन मला अधिक सलते.

कारण त्या वर्गात ‘मारवाडी’ हा शब्द भूगोलाचा म्हणून उच्चारला गेला नव्हता. मराठी बोलण्यात त्याचा अर्थ फार पूर्वीच सावकार, आणि नंतर कंजूष, असा झाला आहे. याला इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जखते आणि वह्या जाळल्या. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या उठावाचा रोख प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. शेतकऱ्यांचे दुःख खरे होते. जमिनी गहाण पडत होत्या, सरकारी सारा चुकत नव्हता, आणि १८७९ मध्ये सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु व्याज आकारणे हा धंदा आहे, मारवाड हा प्रदेश आहे. आपण धंद्याचा राग प्रदेशाच्या नावावर काढला आणि तो तेथेच राहू दिला.

गंमत अशी, की ज्यांना आपण मारवाडी म्हणतो त्यांतील पुष्कळ नामांकित घराणी मारवाडातली नाहीतच. मारवाड म्हणजे काटेकोरपणे पाहता जुने जोधपूर संस्थान. जोधपूर, नागौर, पाली, जालोर, बाडमेर हा पट्टा. बिर्लांचे पिलानी आणि जमनालाल बजाजांचे सीकरजवळचे जन्मगाव ही शेखावाटीत येतात, जी जयपूर संस्थानाकडे होती. बिकानेरच्या मुलखाला जुने नाव जांगल देश, तर जैसलमेरच्या मुलखाला माड. ‘मांड’ ही गायकी तिकडची. ही सर्व माणसे कलकत्त्यास आणि मुंबईस आली तेव्हा मारवाडी या एकाच नावाखाली मोजली गेली, आणि पुढे त्यांनीही ते स्वीकारले. गिरगावच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर मारवाडी विद्यालय आहे; तेथे हे नाव अभिमानाने पाटीवर लिहिलेले आहे. एकच शब्द एका रस्त्यावर पाटी होतो आणि दुसऱ्या रस्त्यावर शिवी होतो.

या शिवीत आणखी एक अन्याय दडलेला आहे. तिच्यामुळे मारवाडातील गरीब माणूस दिसेनासा होतो. मारवाडात मेघवाल आहेत, भिल्ल आहेत, धनगर आणि कारागीर आहेत. त्यांच्या वाट्याला तिकडेही गावकुसाबाहेरची जागा आली. मुंबईच्या जमिनींवर मकराण्याचा संगमरवर ही माणसे गुडघ्यांवर बसून घासतात. (जाता जाता : संगमरवरातील ‘मरवर’चा मारवाडशी संबंध नाही, तो फारसी ‘संग-इ-मर्मर’ आहे; तसेच मारवाडातील पाली या गावाचा पाली भाषेशी संबंध नाही.) त्या मुलाचे वडील कोणाला कर्ज देत नव्हते. ते स्वतः ठेकेदाराकडून उचल घेऊन आले होते, असे मला पुढे कळले. त्याला मारणारा शब्द त्याच्या गावच्या सावकारासाठी घडला होता.

मग हे नाव वापरावे कसे? माझ्या मते प्रदेश सांगावयाचा असेल तर मारवाड म्हणावे, आणि तोही जोधपूरच्या बाजूचा. राज्य सांगावयाचे असेल तर राजस्थान म्हणावे. वाळूचा सारा विस्तार सांगावयाचा असेल तर थर म्हणावे; तो सीमा ओलांडून सिंधपर्यंत जातो. माणसाचा स्वभाव सांगावयाचा असेल तर कंजूष हा शब्द मराठीत आहेच, त्याला गावाचा पत्ता जोडू नये. ‘बोलीत चालते’ हे समर्थन मला मान्य नाही. बोलीत काय काय चालत होते, हे आपण विसरलेलो नाही.

आता शेवटची एक गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत रसाळ. बाहेरच्यांनी या प्रदेशाला निर्जल म्हटले, पण तेथील गावांची नावे पाहा. लूणकरणसर, नापासर, जसरासर. हा शेवटचा ‘सर’ म्हणजे सरोवर, तळे. जेथे पाणी दुर्मीळ तेथे नावानावांत पाणी भरून ठेवलेले आहे. पर्यावरण-अभ्यासक अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात तेथील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात असे नोंदविले आहे. पावसाचे थेट साठविलेले ते पालर, खोल विहिरीचे ते पाताल, आणि या दोहोंमधला वाळूत मुरलेला, खडियाच्या थराने अडवून धरलेला ओलावा तो रेजाणी. आपल्याकडे चार महिने आभाळ फाटते आणि आपल्याजवळ पाण्याला एकच शब्द आहे. त्यांच्या राखलेल्या रानाला ओरण म्हणतात, तोही अरण्याचाच वंशज. अंगणातल्या जमिनीखालच्या बांधीव कुंडाला टांका म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंसाठी खोदलेली पाण्याची टाकी आपण पाहिली आहेत. तेथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दोन्हींमागचा विचार एकच, पावसाचा थेंब वाहून जाण्याआधी खडकात किंवा चुन्याच्या कुंडात उतरवून घ्यावा.

मुंबईतही नावांत पाणी आहे. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. ही सारी एकेकाळची खरीखुरी तळी. नळाचे पाणी आले, तळी बुजविली गेली, नावे थांब्यांच्या पाट्यांवर राहिली.

त्या वर्षाच्या अखेरीस त्या मुलाने भूगोलाच्या वहीत आपल्या गावाचा नकाशा काढून आणला. घर, घरासमोर टांका, टांक्याकडे उतार केलेले अंगण. त्या उताराला त्याने ‘आगोर’ असे नाव लिहिले होते. पाऊस तेथून टांक्यात येतो म्हणून त्या जागेवर कोणी चप्पल घालून चालत नाही, हेही खाली लिहिले होते. वही परत घेताना तो म्हणाला, “सर, आमच्या गावाच्या नावात पण सर आहे.” आणि मग त्याने विचारले, की तो रोज ज्या बसने वडिलांचा डबा घेऊन सी. पी. टँकवरून जातो, तेथील टँक कोठे आहे. मी सांगितले, की आता तेथे रस्ता आहे. त्याने वहीकडे पाहिले आणि विचारले, “मग लोक पाणी कोठून पितात?” तुळशी, विहार, तानसा, वैतरणा आणि भातसा ही नावे मी त्याला फळ्यावर लिहून दिली. त्याने ती नकाशाखाली, आपल्या टांक्याच्या शेजारी, ओळीने उतरून घेतली.